उसवणाऱ्या हातांसाठी

घट बसण्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडे, साताऱ्याच्या बाजूला, धुण्याचा असतो. घरातली झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेली जातात आणि मग कातळांवर, कुंपणांवर, गच्चीच्या कठड्यांवर गोधड्या वाळत पडतात. त्या आठवड्यानंतर माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. काही कंबर धरून येतात, तर काही बोट कापून घेऊन. कंबर धरलेल्यांविषयी पुन्हा केव्हा तरी लिहीन. आज बोट कापलेल्यांविषयी लिहायचे आहे.

बोट कापण्याचे कारण साधे आहे. जुनी गोधडी धुण्यात विरते, वरचे कापड जागोजागी फाटते आणि घरातली ज्येष्ठ स्त्री ती उसवायला घेते. उसवल्यावाचून गोधडी नवी होत नाही. फाटका थर काढायचा, आतले लुगडे धड असेल तर ते राखायचे आणि त्यावर नवे कापड घालून पुन्हा धावदोरा घालायचा. शिवण्याचे कौतुक सगळे करतात, उसवण्याकडे मात्र कोणी पाहत नाही. जखमा होतात त्या बहुतेक उसवतानाच.

दोन वर्षांपूर्वी आश्विनात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी डाव्या हाताचा अंगठा फडक्यात गुंडाळून आल्या. हृदयात स्टेंट बसवलेला असल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. दाढीच्या ब्लेडचे मधोमध मोडलेले अर्धे पाते हे त्यांचे हत्यार. ते निसटून अंगठ्याच्या पेरात घुसले होते. रक्त थांबायला बराच वेळ लागला, दोन टाके घालावे लागले. त्या वर्षातली ती तिसरी जखम होती. टाके घालता घालता मी थोड्या कडक आवाजात म्हणाले, "आजी, आता हे उसवणे-बिसवणे पूर्ण बंद." सोबत आलेल्या सूनबाईंनी हा हुकूम मनापासून उचलला. गोधडीचे गाठोडे माळ्यावर गेले आणि घरातली ब्लेडे फेकली गेली.

माघात त्याच सूनबाई त्यांना पुन्हा घेऊन आल्या. "दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवण कमी झालंय, रात्री झोप नाही." मी तपासले. रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांत चार महिन्यांपूर्वीच्या मानाने विशेष फरक नव्हता. मी विचारले, "आजी, दिवसभर करता काय?"

"काय करनार? तुमीच बंद केलंय की, डाक्टरीनबाई."

वाचकहो, त्या उत्तराने मी ओशाळले, हे कबूल करायला हवे. उतारवयातल्या नैराश्याला कारणे अनेक असतात. त्याची रीतसर तपासणी करावी लागते आणि गरज पडल्यास औषधही द्यावे लागते. ते सगळे मी केले. परंतु ज्या बाईने साठ वर्षे दुपारी हातात सुई धरली, तिची दुपार मी एका वाक्यात रिकामी केली होती आणि त्या जागी काय ठेवायचे याचा विचारही केला नव्हता. अंगठा वाचवायचा होता हे खरे. तो वाचवायला काम बंद करणे हा एकच मार्ग नव्हता, तर हत्यार बदलूनही तो वाचला असता.

त्यानंतर मी प्रत्येक कापलेल्या बोटाला विचारू लागले की, उसवता कशाने? मिळालेल्या उत्तरांनी मी थक्क झाले. अर्धे ब्लेड तर सर्रास वापरले जाते. त्याखेरीज नेलकटर, सेफ्टी पिन, केसांतला आकडा, क्रोशाची सुई, कान कोरणे, फुटक्या बांगडीचा तुकडा आणि पत्र्याच्या डब्याचे झाकण. एका काकूंनी विळी सांगितली. विळी पायाखाली दाबून बसायचे, दोन्ही हातांनी शिवण ताणून धरायची आणि पात्यावरून पुढे सरकवायची. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण पुढे विचार केला तेव्हा त्यांचे तर्कशास्त्र ध्यानात आले. पाते स्थिर राहते, दोन्ही हात कापडावर असतात आणि बोटांच्या चिमटीत बारीक वस्तू धरावी लागत नाही. त्यांची बोटे संधिवाताने वाकलेली होती. चिमटीत ब्लेड धरणे त्यांना अशक्यच होते. तरीही विळीवर उसवू नये, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. जुने सुती कापड पात्यावर एकदम फाटते आणि ताणलेला हात तसाच पुढे जातो.

बहुतेक जखमा डाव्या हाताला होतात, हेही तेव्हाच ध्यानात आले. उजवा हात पाते चालवतो, डावा कापड धरतो आणि पात्याची वाट डाव्या अंगठ्याच्या रोखाने जाते. उतारवयात त्वचा पातळ झालेली असते, तिच्याखालची चरबीची गादीही कमी झालेली असते, म्हणून तरुणाला ओरखडा उठेल तिथे ज्येष्ठाला जखम होते. मधुमेह जुना असेल तर बोटांची संवेदना बोथट झालेली असू शकते. पाते लागल्याचे कळते ते कापडावर लाल डाग दिसल्यावरच.

आम्हा डॉक्टरांचा उसवण्याशी रोजचा संबंध असतो. टाके काढणे म्हणजे दुसरे काय? विद्यार्थिदशेत आम्हाला शिकवतात की, एका हातातल्या चिमट्याने टाक्याची गाठ अलगद उचलावी, दुसऱ्या हातातल्या कात्रीने गाठीखालचा दोरा एका बाजूला कापावा आणि ओढून घ्यावा. उचलणारे साधन वेगळे असते आणि कापणारे वेगळे. उचलणारे साधन बोथट असते, त्यामुळे ते त्वचेला लागत नाही. कापणारे धारदार असले तरी त्याला दोरा आधीच उचललेला मिळतो, म्हणून ते त्वचेपर्यंत पोचतच नाही. अर्ध्या ब्लेडने उसवताना ही दोन्ही कामे एकच टोक करते, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

त्या माघातल्या दुपारी मी माझ्या खणातली टाके काढायची जुनी कात्री काढली. तिच्या एका पात्याच्या टोकाशी चंद्रकोरीसारखी बारीक खाच असते. ती खाच टाक्याखाली सरकवली की दोरा तिच्यात अडकून बसतो आणि मग कात्री मिटायची. टोके अणकुचीदार नसतात. आजींना ती देऊन म्हणाले, "माळ्यावरचं गाठोडं उतरवा. पण उसवायचं ते यानंच." त्यांनी माझ्या टेबलावरच्या टॉवेलची कड उसवून पाहिली. पसंत पडली. अशी कात्री शस्त्रक्रियेची उपकरणे विकणाऱ्या दुकानात कोणालाही मिळते आणि फार महागही नसते.

याच दुकानात ऑपरेशनचे सुटे ब्लेडही मिळते, आणि "बाई, एक द्या ना, काय सुरेख कापतं" अशी मागणी माझ्याकडे अनेकदा होते. अकरा नंबरचे टोकदार ब्लेड दोऱ्याखाली लीलया जाते, यात शंका नाही. ते मी कोणाला देत नाही. त्याची धार दाढीच्या ब्लेडपेक्षा सौम्य नसते, ते दांड्यावर चढवताना आणि उतरवताना आमचेही हात कापतात आणि घरात नातवंडे असतात.

ज्यांना नवे साधन घ्यायचे आहे त्यांनी शिवणयंत्राच्या दुकानात सीम रिपर मागावे. नाव इंग्रजी असले तरी वस्तू सोपी आहे. दांड्याच्या टोकाला दोन शिंगे असतात, एक लांब व अणकुचीदार, दुसरे आखूड व त्यावर लहानसा गोल मणी. दोन्ही शिंगांच्या मधल्या बेचक्यात धार असते. सुटा टाका उचलायचा तर लांब टोक त्याखाली घालावे. दोन कापडांमधली सरळ शिवण उघडायची तर मण्याची बाजू कापडाकडे ठेवून पुढे सरकावे, म्हणजे मणी कापडावरून घसरतो आणि कापडाला भोक पडत नाही. यात लहान-मोठे आकार येतात. गोधडीच्या जाड दोऱ्याला मोठा घ्यावा. आणि काही महिन्यांनी तो बदलावा. धार गेली की आपण जोर लावतो आणि जोर लावलेले हत्यारच निसटते. पाते नेहमी कापड धरणाऱ्या हातापासून दूर जाईल असे धरावे. हे एवढे पाळले तरी अर्धे काम झाले.

परंतु सगळे विकत घ्यायलाच हवे असे नाही. उचलायला घरातली क्रोशाची सुई किंवा टोक घासून बोथट केलेले दाभण उत्तम. कापायला शिंप्याकडची लहान स्प्रिंगची कात्री चांगली. तिच्यात बोटे अडकवावी लागत नाहीत, मुठीत धरून दाबली की पुरते आणि सोडली की आपोआप उघडते. संधिवात असलेल्या हातांना ती फार मानवते. कापलेल्या दोऱ्यांचे तुकडे उपटायला भुवयांचा चिमटा वापरावा, आणि कापडाला चिकटलेली बारीक दोरकी खोडरबर फिरवून गोळा होतात.

आणखी एक हत्यार सांगते; ऐकून आपण हसाल. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. पत्नीला कंपवात आहे. त्या पूर्वी फार सुरेख गोधड्या शिवत. आता हाताच्या बारीक हालचाली मंदावल्या आहेत आणि धारदार वस्तू त्यांच्या हाती द्यावी असे वाटत नाही. या गृहस्थांनी स्वतःच्या मिशा कोरायच्या विजेच्या ट्रिमरने शिवण उसवायला घेतली. मी आधी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्यांनी दवाखान्यात यंत्र आणून प्रात्यक्षिक दाखवले. दोन कापडे विरुद्ध दिशांना ताणायची, मधले दोरे उघडे पडतात, त्यांवर ट्रिमर टेकवला की पटापट तुटतात. ट्रिमरची पाती दातेरी असल्याने ताठ ताणलेले कापड आत शिरत नाही. यंत्रावर शिवलेल्या जाड कापडावर ही युक्ती नामी चालते. विरलेल्या मऊ लुगड्यावर नाही. त्याची चुणी दात्यांत सापडते आणि कापड कुरतडले जाते. ते ट्रिमर चालवतात आणि पत्नी शेजारी बसून तुटलेले दोरे एकेक करून ओढून काढतात. दोघांची दुपार जाते. घरी काळजी घेणाऱ्या मंडळींनी ही वाटणी जरूर ध्यानात घ्यावी. कापण्याचे काम आपण घ्या, ओढण्याचे, निवडण्याचे, घड्या घालण्याचे काम त्यांच्याकडे राहू द्या. विसराळूपणाचा आजार असलेल्यांबाबतही हेच सांगेन.

उसवण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द. प्रत्येक टाका कापत बसू नये. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापावा आणि उलट बाजूचा दोरा ओढावा, तो सबंध निघून येतो. हाताच्या धावदोऱ्यात दोरा एकच असतो, तो वर-खाली एवढेच करतो. तेव्हा वीतभर अंतरावर कापून तुकडे ओढले तरी भागते. कापायच्या जागा जितक्या कमी, तितके पाते कमी वेळा चालते. आणि ओढलेला दोरा फेकण्याची घाई कशाला? बंगालमध्ये कांथा शिवणाऱ्या बायका जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत धागे काढून त्यांनीच नक्षी भरत.

गोधडी मांडीवर घेऊन, मान खाली घालून दोन-दोन तास बसणे सोडावे. वजन गुडघ्यांवर येते आणि मानेचे स्नायू आखडतात. टेबलावर किंवा पलंगावर गोधडी पसरावी, आपण खुर्चीवर बसावे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून घरात एक फेरी मारावी. चिमटीत धरताना बोटांच्या टोकाशी लावलेला जोर अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोचतो. तेथला सांधा झिजलेला असेल तर बारीक दांडा धरणे ही शिक्षाच असते. दांड्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड करावा, पकड सैल राहते. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. ते "वयाचं" म्हणून सोडून न देता दाखवावे.

डोळ्यांचे तर विचारूच नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेले भिंग बहुधा दूरचे दिसण्यासाठी असते. त्यामुळे "ऑपरेशन झालंय, आता चष्मा कशाला" असे म्हणून शिवणाला बसणाऱ्यांना टाका दिसत नाही, अंदाजाने पाते चालते. जवळचा चष्मा लावावाच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी प्रकाश डाव्या बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या कापडावरचा काळा दोरा रात्री दिव्याखाली उसवू नये. सकाळचे ऊन कोणी पळवत नाही.

उसवण्याआधी गोधडी धुवून कडक उन्हात वाळवावी. वर्षानुवर्षांच्या थरांत धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे कीटक साठलेले असतात. दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असलेल्यांना न धुतलेली गोधडी उसवली की त्याच रात्री धाप लागते. अशांनी तोंडाला फडके बांधून मोकळ्या हवेत बसावे.

दाताने दोरा तोडण्याची सवय बहुतेकांना असते. मी ती बंद करायला सांगितली तेव्हा एका आजींनी मला विचारले, "मग देवानं दात कशाला दिले?" त्यांचे वरचे दात कवळीचे होते आणि त्या कवळीचा समोरचा टवका उडाल्यावरच त्या आल्या होत्या. ओठांत टाचणी किंवा सुई धरणे त्याहून वाईट. एक खोकला किंवा एक हाक, आणि ती घशात.

आता, इतके करूनही कापलेच तर काय? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली बोट धरावे, मग स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबावी आणि हात छातीपेक्षा उंच ठेवावा. घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे. मध्ये उघडून "थांबलं का" हे बघू नये; बघितले की जमलेली गुठळी सुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हळद, चहापूड, चुना, टूथपेस्ट यांतले काही भरू नये. आम्हाला ते सगळे खरवडून काढावे लागते आणि तेव्हा जास्त दुखते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन अशा गोळ्या चालू असतील तर रक्त उशिरा थांबते. पण घाबरून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बोटावरची जखम भरून येईल, बंद पडलेला स्टेंट जिवावर बेतू शकतो. पंधरा-वीस मिनिटांनीही रक्त थांबत नसेल, जखमेचे ओठ उघडे राहत असतील, बोट वाकवता येत नसेल किंवा टोकाला बधिरता आली असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. पुढच्या दोन-तीन दिवसांत ठणका, लाली, सूज किंवा पू दिसला तरीही. मधुमेह असेल तर तेवढीही वाट पाहू नये.

धनुर्वाताविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे, की तो गंजलेल्या लोखंडाने होतो. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. कोऱ्या करकरीत ब्लेडनेही ते आत जाऊ शकतात. मोठ्या माणसांनाही दर दहा वर्षांनी लशीची एक मात्रा लागते. शेवटची केव्हा घेतली हे आठवत नसेल तर, बोट कापण्याची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना विचारा.

सुई मोडून टोक आत राहिले तर घरी कोरत बसू नका. धातू क्ष-किरणात स्पष्ट दिसतो. मोडलेला उरलेला तुकडा सोबत आणा, म्हणजे आत किती गेले हे ताडता येते. बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. हरवलेली सुई गोधडीतच असते आणि रात्री ती कोणाच्या तरी पाठीला सापडते. लोहचुंबकाचा तुकडा गोधडीवरून फिरवला तर शोध सोपा होतो. जी जुनी ब्लेडे आता वापरणार नाही, ती झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा भरला की चिकटपट्टीने बंद करावा. नुसती कचऱ्यात टाकली तर सफाई कामगाराचा हात कापतो.

त्या आजींची गोधडी फाल्गुनात उसवून झाली. खालून दुसऱ्या थराला त्यांच्या सासूबाईंचे इरकली लुगडे निघाले, मधे विरलेले, पण टोपपदर शाबूत. नातसुनेला दिवस गेलेले होते. लुगड्याच्या धड भागातून त्यांनी तीन दुपटी शिवली. झोप अजून पुरती सुधारलेली नाही, गोळी चालूच आहे. जेवण मात्र पूर्वीसारखे झाले आहे. गेल्या महिन्यात रक्तदाब दाखवायला आल्या तेव्हा कात्री सोबत होती. "धार गेलीया. लावून द्या," म्हणाल्या. मी ती धारवाल्याकडे पाठवली आहे, आणि तोवर उसवायचे नाही असे सांगितले आहे. त्या ऐकतील असे वाटत नाही, म्हणून सूनबाईंना सीम रिपर आणायला सांगून ठेवले आहे.